स्ट्रिक्नीन दिल्यावरही निरोधक प्रवाह का उरतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही उंदराच्या मज्जारज्जूच्या स्लाइसवर, म्हणजे जिवंत पातळ कापावर, पॅच-क्लॅम्प करता: बारीक काचनळी (पिपेट) एकेका पेशीला चिकटवून तिचे विद्युतप्रवाह मोजता. १ मायक्रोमोलर स्ट्रिक्नीन (काजऱ्याच्या बियांतलं विष) सोडल्यावर निरोधक सिनॅप्टिक प्रवाह, म्हणजे आयपीएससी, कमी झाले पण पूर्ण गेले नाहीत. १० मायक्रोमोलर केल्यावर जवळजवळ सगळे गेले. मग १० हाच बरोबर डोस धरायचा का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की पुस्तकात स्ट्रिक्नीनला एका ओळीत 'उत्तेजक' आणि पुढच्याच ओळीत 'अवरोधक' म्हटलंय. तर ते पेशींमधला संवाद वाढवतं की तोडतं? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की कोकणातून आणलेल्या काजऱ्याच्या बियांचा अर्क शुद्ध रसायनाऐवजी वापरता येईल का.

१० धरू नका. १ मायक्रोमोलरला जे प्रवाह उरले ते बहुधा तुमच्या प्रयोगातली चूक नव्हेच. ते गाबा या दुसऱ्या निरोधक रसायनाचे प्रवाह आहेत, आणि ते उरायलाच हवेत. १० ला ते गेले याचा अर्थ तुमचं औषध आता ग्लायसीन या निरोधक रसायनाच्या रिसेप्टरपुरतं राहिलेलं नाही. खरी अडचण डोसची नाही. 'निरोध गेला पाहिजे' ही अपेक्षा घेऊन तुम्ही प्रयोगाला बसलात, तिथे घोळ आहे. स्ट्रिक्नीन निरोध बंद करत नाही, निरोधाची एक भाषा बंद करतं.

ती भाषा ग्लायसीनची. निरोधक चेतापेशी सिनॅप्सच्या फटीत ग्लायसीन सोडते, समोरच्या पेशीवरचा ग्लायसीन रिसेप्टर ते धरतो, पाच उपघटकांच्या मधलं क्लोराइडचं चॅनल उघडतं. प्रौढ पेशीत क्लोराइड आत शिरतं आणि पेशी पेटायला, म्हणजे विद्युत्संदेश सोडायला, जास्त जोर लागतो. स्ट्रिक्नीन याच रिसेप्टरवर, ग्लायसीन बसतं त्याच खोबणीत बसतं, पण चॅनल उघडत नाही. २०१५ साली झेब्राफिशच्या अल्फा-१ रिसेप्टरची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली रचना प्रसिद्ध झाली. त्यात हे डोळ्यांना दिसतं: ग्लायसीन बसलं की खोबणीवरचा 'सी' लूप आत मिटतो, आणि स्ट्रिक्नीनसारखा जाडजूड रेणू बसला की तोच लूप बाहेर ढकललेला राहतो. खोबणी मिटत नाही, म्हणून खालचं दार बंदच राहतं.

आता 'उत्तेजक की अवरोधक'. रेणूच्या पातळीवर स्ट्रिक्नीन निव्वळ अवरोधक आहे, ते कुठल्याही पेशीला स्वतःहून पेटवत नाही. उत्तेजना दिसते ती जाळ्याच्या पातळीवर. मज्जारज्जूतली मोटर पेशी स्नायूकडे धागा पाठवते तेव्हा त्याचा एक फाटा रेनशॉ पेशीकडे वळतो. तिथे ॲसिटिलकोलीन सुटतं, रेनशॉ पेशी पेटते आणि त्याच मोटर पेशीवर मुख्यतः ग्लायसीन सोडून तिला आवरते. दुसरा फेरा स्नायूंच्या जोड्यांचा: दंडाचा पुढचा स्नायू आखडताना मागचा सैल पडावा म्हणून एक आंतरचेतापेशी मागच्या स्नायूच्या मोटर पेशीवर ग्लायसीन सोडते. हे दोन्ही फेरे स्ट्रिक्नीनने तुटतात. मग दारावरची थाप किंवा कपड्याचा स्पर्श एवढंही पुरतं. एरवी एका स्नायूपुरती राहिली असती ती प्रतिक्रिया सगळीकडे पसरते, समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात, आणि ज्या बाजूचे स्नायू बळकट ती बाजू जिंकते. पाठीचे आणि पायांचे ताणणारे स्नायू बळकट असतात, म्हणून विषबाधेत शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. एवढं होऊनही माणूस शुद्धीवर असतो, कारण मोठ्या मेंदूच्या सालीत निरोधाचं मुख्य काम गाबा करतं. ग्लायसीनचं राज्य मुख्यतः मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठात आहे. अपस्मारापेक्षा हे वेगळं का, याचं उत्तर एवढ्यात आलं.

धनुर्वाताशी तुलना केली की हा मुद्दा पक्का बसतो. धनुर्वाताचं विष निरोधक पेशीच्या टोकात शिरून पुटिका, म्हणजे रसायन साठवणारी बारीक पिशवी, बाहेर रिकामी करणारं सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन कापतं. म्हणजे तिथे निरोप निघतच नाही, आणि ग्लायसीन व गाबा दोन्ही अडतात. स्ट्रिक्नीनमध्ये निरोप निघतो, पण घेणाऱ्याकडे पोचत नाही. आणि तोही फक्त ग्लायसीनचा. झटके वरवर सारखे दिसतात. पण धनुर्वातात दोन झटक्यांच्या मध्येही शरीर ताठ राहतं, स्ट्रिक्नीनमध्ये मधल्या वेळात बरंचसं सैल पडतं. उपचारात डायझेपामसारखी बेंझोडायझेपिन दिली जातात. ती स्ट्रिक्नीनला रिसेप्टरवरून हटवत नाहीत, शाबूत राहिलेला गाबाचा लगाम जास्त खेचतात. तुमच्या स्लाइसमध्ये १ मायक्रोमोलरनंतर जो प्रवाह उरला तो हाच लगाम.

मज्जारज्जूत या दोन भाषा गुंतलेल्या आहेत, हे लक्षात ठेवा. ग्लायसीन आणि गाबा पुटिकेत भरणारा वाहक एकच आहे, आणि एकाच पुटिकेतून दोन्ही एकदम सुटतात हे १९९८ साली मज्जारज्जूतल्याच पेशींवर दाखवलं गेलं. त्यामुळे तुम्हाला दिसणाऱ्या एकेका आयपीएससीमध्ये दोघांचा वाटा असू शकतो. ग्लायसीनचा भाग लवकर ओसरतो, ढोबळमानाने ५ ते १० मिलिसेकंदांत. गाबाचा लांबतो, २० ते ५० पर्यंत. तुमच्याकडे आधीच रेकॉर्ड केलेले ट्रेस, म्हणजे प्रवाहांचे आलेख, आहेत. स्ट्रिक्नीनच्या आधीचे शंभरेक आणि १ मायक्रोमोलरनंतरचे शंभरेक प्रवाह घ्या, त्यांची सरासरी काढा, उंची सारखी करून एकावर एक ठेवा. नंतरचा ट्रेस हळू ओसरत असेल तर उरलेला भाग गाबाचा आहे. यासाठी नवा प्राणीही लागत नाही. हे आजच करून बघा.

त्यानंतर उलटी तपासणी करा. नवी स्लाइस घेऊन आधी गाबाचा रिसेप्टर बंद करा, गाबाझीन ५ मायक्रोमोलर किंवा बायक्युक्युलिन १० मायक्रोमोलर. जे उरेल ते जलद ओसरणारं असायला हवं. त्यावर स्ट्रिक्नीन ०.३ ते ०.५ मायक्रोमोलर सोडा, ते पूर्ण जायला हवं. दोन्ही क्रमांनी हिशोब जुळला तरच 'हा ग्लायसीनचा, हा गाबाचा' असं लिहा. बायक्युक्युलिनचा डोस वाढवत नेऊ नका, जास्त झालं की तेही ग्लायसीन रिसेप्टरवर चढतं. शिवाय त्याचे मिथाइल क्षार कॅल्शियमवर चालणारी काही पोटॅशियम चॅनल बंद करतात आणि पेशीचं पेटणंच बदलतं. पिक्रोटॉक्सिन इथे मुळीच नको. ते गाबाच्या चॅनलसोबत फक्त अल्फा उपघटकांचे ग्लायसीन रिसेप्टरही अडवतं, त्यामुळे तुमचा प्रश्नच पुसला जातो. (बायक्युक्युलिन आणि काकमारीच्या फळातलं पिक्रोटॉक्सिन ही दोन्हीही वनस्पतींचीच विषं. पेशींमधला निरोध आपल्याला समजला त्यात या झाडांचा वाटा फार मोठा आहे.)

१० मायक्रोमोलरला नेमकं काय बिघडतं? ग्लायसीन रिसेप्टरला स्ट्रिक्नीनची ओढ जबरदस्त आहे, अर्धा परिणाम काही दहा नॅनोमोलरच्या घरातच मिळतो. म्हणजे १ मायक्रोमोलरला तुम्ही आधीच बरेच वर आहात. त्यापुढे ते गाबा-ए रिसेप्टरला आणि अल्फा-७ निकोटिनिक रिसेप्टरला (हा ॲसिटिलकोलीनचा) पकडू लागतं. वर आलेली, रेनशॉ पेशीला पेटवणारी ॲसिटिलकोलीनची जोडणीही निकोटिनिकच आहे. तेव्हा जास्त डोसमध्ये जाळ्यातल्या वेगवेगळ्या कड्या एकदम हलतात, आणि बदल कुणामुळे झाला हे सांगता येत नाही. कानाच्या बाबतीत तर कमी डोसही फसवतो. कॉक्लियातल्या बाह्य केसपेशींवर अल्फा-९ अल्फा-१० हा निकोटिनिक रिसेप्टर आहे आणि तो २० नॅनोमोलरच्या आसपासच स्ट्रिक्नीनने बंद होतो. तो ॲसिटिलकोलीनचा, ग्लायसीनचा नव्हे. म्हणून 'स्ट्रिक्नीनने थांबलं, म्हणजे ग्लायसीनचंच होतं' हे विधान ऊतक कुठलं ते पाहिल्याशिवाय करू नये.

याच्या अगदी उलट गफलत एनएमडीए रिसेप्टरबाबत होते. तो उत्तेजक, ग्लुटामेट या रसायनाचा. पण उघडण्यासाठी त्याला सोबतीला ग्लायसीन किंवा डी-सेरीन लागतं. त्याच्यावरची ग्लायसीनची जागा स्ट्रिक्नीनला अजिबात दाद देत नाही. स्लाइसवर ग्लायसीन ओतून उत्तेजना वाढलेली दिसली आणि स्ट्रिक्नीनने ती गेली नाही, तर स्ट्रिक्नीनची बाटली खराब ठरवू नका, आधी एनएमडीएचा संशय घ्या.

तुमच्या एका पोटप्रश्नात होतं: स्पर्धात्मक अवरोधक असेल तर जास्त ग्लायसीन देऊन स्ट्रिक्नीनला हटवता यायला हवं, ते का जमलं नाही? आकडे मांडून बघू. स्पर्धेत ग्लायसीनची गरज किती पट वाढते ते १ + (स्ट्रिक्नीनची तीव्रता ÷ त्याचा बंधन-स्थिरांक) इतकं. स्थिरांक १० नॅनोमोलर धरला तर १ मायक्रोमोलर स्ट्रिक्नीनसमोर १०१ पट. एरवी १०० मायक्रोमोलर ग्लायसीनला अर्धा परिणाम मिळत असेल तर आता सुमारे १० मिलिमोलर लागेल. सिनॅप्सच्या फटीत ग्लायसीन मिलिमोलरच्या घरात चढतं खरं, पण मिलिसेकंदभरच. तेवढ्यात स्ट्रिक्नीन रिसेप्टर सोडतच नाही, त्याचं सुटणं त्या मानाने फार संथ आहे. त्यामुळे बशीतल्या पेशींवर सावकाश ग्लायसीन दिलं तर स्पर्धा दिसते, आणि सिनॅप्सवर तोच रेणू न हटणाऱ्या अवरोधकासारखा वागतो. वेगळ्या पेशींवर मोजमाप करणार असाल तर स्ट्रिक्नीन आधी दोन-तीन मिनिटं देऊन ठेवा, मग दोन्ही मिळून द्या. दोन्ही एकदम सोडलं तर पहिला शिखरप्रवाह अवरोध बसण्याआधीच होऊन जातो आणि स्ट्रिक्नीन उगाच दुबळं वाटतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे प्राण्याचं वय. तुम्ही ते लिहिलेलं नाही. कोवळ्या चेतापेशीत एनकेसीसी-१ हा वाहक क्लोराइड आत ओढून ठेवतो, आणि बाहेर टाकणारा केसीसी-२ अजून कमी असतो. अशा पेशीत ग्लायसीनने चॅनल उघडलं तर क्लोराइड बाहेर जातं आणि पेशी धनभाराकडे सरकते. उंदीर-घुशींच्या मज्जारज्जूत हे पारडं जन्माच्या आसपासच्या दिवसांत फिरतं. त्याच्या अलीकडे स्ट्रिक्नीन दिलं तर तुम्ही लगाम काढत आहात की चाबूक, हे पेशीतल्या क्लोराइडवर ठरतं. आणि इथेच तुमची पिपेट तुमच्यापासून खरी गोष्ट लपवते. समजा पिपेटमध्ये नेहमीसारखं सिझियम क्लोराइड १४० मिलिमोलर, बाहेर क्लोराइड सुमारे १३०, म्हणजे क्लोराइडचं समतोल-विभव (ज्या व्होल्टेजला त्याचा निव्वळ प्रवाह थांबतो ते) शून्याच्या आसपास. उणे ७० मिलिव्होल्टला धरलेल्या पेशीत आयपीएससी छान मोठे, खाली जाणारे दिसतात. प्रवाह मोजायला ही सोय उत्तम आहे. पण आत १० आणि बाहेर १३० असलेल्या प्रौढ पेशीत ते विभव ३७ अंशांना उणे ६८ च्या जवळ असतं. दिशा कुठली हा प्रश्न असेल तर ग्रामिसिडिनचा छिद्रित पॅच घ्या. त्याची छिद्रं क्लोराइड जाऊ देत नाहीत, पेशीचं स्वतःचं क्लोराइड जागेवर राहतं.

तुमच्या मांडणीत मी काय तपासेन ते सांगतो.

उत्तेजक प्रवाह बंद केले होते का? वरच्या पिपेटने आयपीएससी आणि ग्लुटामेटचे प्रवाह दोन्ही खालीच जातात. ग्लुटामेटच्या रिसेप्टरचे अवरोधक, सीएनक्यूएक्स १० मायक्रोमोलर आणि डी-एपी५ ५० मायक्रोमोलर, सुरुवातीपासून द्रावणात ठेवा. नाहीतर 'उरलेले आयपीएससी' म्हणून तुम्ही ग्लुटामेटच मोजत असाल.

पुरेसं थांबलात का? कक्षात दोन मिलिलिटर द्रावण, नळीत आणखी तीन-चार, प्रवाह मिनिटाला दोन मिलिलिटर. औषध पोचायलाच दोन-तीन मिनिटं जातात, आणि ३०० मायक्रोमीटर जाड स्लाइसच्या आतल्या पेशीपर्यंत मुरायला आणखी. निष्कर्ष दहा मिनिटांच्या आत काढू नका. तुमचं '१ ला अर्धवट, १० ला पूर्ण' यातला काही भाग निव्वळ वेळेचा असू शकतो, कारण १० मायक्रोमोलर तुम्ही नंतर सोडलंत.

प्रवाह आपोआप ओसरत तर नव्हते? औषध न देता तेवढाच वेळ रेकॉर्ड केलेली एक पेशी हवी. सीरिज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यामधला विद्युतरोध) दर दोन मिनिटांनी बघा, २० टक्क्यांहून जास्त सरकला तर ती पेशी मी सोडून देतो. रेझिस्टन्स वाढला की प्रवाह लहान होतात आणि सावकाश ओसरतात. म्हणजे वर सांगितलेल्या गाबाच्या खुणेची हुबेहूब नक्कल होते. या एका गोष्टीने चांगले प्रयोग वाया गेले आहेत.

टेट्रोडोटॉक्सिन (पेशींचं पेटणं थांबवणारं विष) ०.५ मायक्रोमोलर लावून सूक्ष्म आयपीएससी, म्हणजे एकेका पुटिकेचे प्रवाह, मोजत असाल तर आणखी एक सापळा आहे. स्ट्रिक्नीनने उंची कमी होते, तेव्हा लहान प्रवाह आवाजाच्या रेषेखाली जाऊन मोजणीतून गळतात आणि वारंवारता पडलेली दिसते. त्यावरून 'स्ट्रिक्नीन सोडणाऱ्या पेशीवरही काम करतं' असं लिहू नका. काही सिनॅप्सच्या सोडणाऱ्या टोकावर ग्लायसीन रिसेप्टर असतात हे खरं, मेंदूच्या देठातल्या मोठ्या कॅलिक्स सिनॅप्सवर ते दाखवलं गेलं आहे. पण त्याचा पुरावा गळतीतून मिळत नाही.

एका स्लाइसवर एकदाच स्ट्रिक्नीन. धुऊन काढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तरी काही उरतं. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या स्लाइसमध्ये ग्लायसीनचे प्रवाह लहान दिसले तर नळी बदलून बघा.

द्रावणाचं सांगतो, कारण तिथे दहापट चुका होतात. शुद्ध अल्कलॉइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हायड्रोक्लोराइड क्षार घ्या. त्याचा रेणुभार ३७०.९, तेव्हा १ मिलिलिटर पाण्यात ३.७ मिलिग्रॅम म्हणजे १० मिलिमोलर स्टॉक. बाटलीवर जलयुक्त क्षार लिहिला असेल तर तिथलाच रेणुभार धरा. त्यातून १ मिलिमोलरचं मधलं द्रावण करा आणि ५० मिलिलिटर एसीएसएफमध्ये (कृत्रिम मेंदू-मज्जाद्रवात) त्याचे २५ मायक्रोलिटर घाला, म्हणजे ०.५ मायक्रोमोलर. थेट स्टॉकमधून २.५ मायक्रोलिटर उचलायला जाऊ नका, तिथे पिपेटचीच चूक मोठी असते. पूड तोलताना हातमोजे आणि मास्क हवाच, जमलं तर फ्यूम हूडमध्येच तोला. बाटली कुलपात, वापराची नोंद वहीत, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता विषारी कचऱ्याच्या डब्यात. तोंडात गेल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठायचं. घरी उलटी काढायला लावू नका, त्या धडपडीनेच झटका येतो.

राहिला काजऱ्याचा अर्क. बिया खऱ्या असतील, त्या चपट्या, रुपयासारख्या गोल, राखाडी रेशमी लव असलेल्या बिया ओळखायला चुकायचं कारण नाही. पण त्यात स्ट्रिक्नीनसोबत जवळपास तितकंच ब्रुसीन असतं. दोन मेथॉक्सी गट जास्त असलेला तो त्याचा भाऊ, ग्लायसीन रिसेप्टरवर तोही बसतो, फक्त कमी ताकदीने. दोघांचं प्रमाण बी, झाड आणि काढण्याची पद्धत यांनुसार हलतं. आयुर्वेदात काजरा, म्हणजे कुचला, शोधनाशिवाय (विषारीपणा कमी करणाऱ्या प्रक्रियेशिवाय) वापरत नाहीत, आणि गोमूत्र, दूध किंवा तुपातल्या त्या शोधनाने हे प्रमाण आणखी बदलतं. तुमचा प्रश्न 'कुठला प्रवाह कुणाचा' हा आहे आणि त्याचं उत्तर डोस नेमका माहीत असण्यावर उभं आहे. अर्कात नेमका तोच माहीत नसतो, म्हणून इथे तो चालणार नाही. अर्काचाच अभ्यास करायचा असेल तर तो वेगळा विषय: आधी एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन दोन्ही मोजा, तेवढ्याच प्रमाणात शुद्ध रसायनं मिसळून एक तुलना-द्रावण करा, आणि अर्काचा परिणाम त्या द्रावणापेक्षा वेगळा येतो का ते बघा.

प्राण्याचं वय, पिपेटच्या द्रावणातलं क्लोराइड आणि १ व १० मायक्रोमोलर यांच्यामध्ये किती मिनिटं गेली, एवढं कळवलंत तर तुमच्या ट्रेसबद्दल याहून नेमकं सांगता येईल.